पट्ट्यातला माणूस

“इतिहास पावलांनी घडतो,” टेलरकाकांनी जाहीर केले आणि दुसऱ्याच पावलाला ते मागच्या स्टुलावर बसले. स्टूल फिजिओथेरपीवाल्या बाईंनी मुद्दाम तिथे ठेवले होते. त्यांचा इतिहासावर फारसा विश्वास नसावा.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर काकांचा डावा पाय सांगितलेले ऐके, पण सरकारी खात्यासारखा, सवडीने; डावा हात तर तेवढेही नाही. दुकान घराच्या बरोब्बर खाली. मध्ये फक्त जिना. बाईंची अट होती : रोज कमरेला पट्ट्याने मोबाइल बांधून पॅसेजमध्ये फेऱ्या मारायच्या. अंग किती डोलते, वळताना पाय कसा अडखळतो, हे मोबाइल मोजतो आणि बाईंना कळवतो. पडण्याचा धोका ‘कमी’ दिसला, की जिना एकट्याने उतरायची परवानगी.

“मी अख्ख्या गावाची कंबर मोजली,” काका म्हणाले, “आता ही डबी माझी मोजणार.”

डबी ‘मध्यम’वरून हलेना. शेवटी काकांनी बायकोला हाक मारली.

“अगं, हा पट्टा बांध आणि चार फेऱ्या मार.”

“मी? झटका तुम्हाला आला होता.”

“मोबाइलला कंबर कळते, माणूस कळत नाही.”

“आणि पकडलं तर?”

“सांगू, नवरा-बायको एकच असतात.”

“लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकतेय,” म्हणत काकूंनी पट्टा आवळला.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. परवानगी काकूंनीही ऐकावी म्हणून काकांनी स्पीकर लावला.

“काका, आज काय झालं? धोका एकदम वाढलाय. उजवीकडे सारखा तोल जातोय. जिन्याचं नावसुद्धा काढू नका.”

काकांनी हसायला तोंड उघडले आणि ते तसेच राहिले. काकू स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या. आधी भिंतीला हात, मग टेबलाला, मग दाराच्या चौकटीला. कित्येक महिने काकांचा सगळा भार त्यांच्या उजव्या खांद्यावर होता. खांदा धरून चालणाऱ्याला खालचे पाय दिसत नाहीत.

“हे भिंत धरणं कधीपासून गं?”

“तुम्ही मला धरता. मग मी कुणाला धरू? भिंत रिकामीच होती.”

फोनमध्ये बाईंचे “हॅलो, हॅलो” चालूच होते. काकांनी फोन जवळ ओढला.

“बाई, आज पट्ट्यात मी नव्हतो, ही होती. मला काय बोलायचं ते सावकाश बोला. आधी हिला तपासा. उद्याच.”

बाईंनी विचारले, “आणि तुमचा जिना?”

“तो कुठे पळून जातोय? उद्या पट्टा मीच बांधीन. जे दिसेल ते दिसेल.”

फोन ठेवून काकांनी टेप काढली. इतकी वर्षे बायकोचे कपडे त्यांनी अंदाजाने बेतले होते. आज कंबर मोजली. मग मऊ अस्तराचे कापड डाव्या कोपराखाली दाबून धरले आणि उजव्या हाताने तिच्यासाठी मोबाइलचा वेगळा पट्टा बेतला.

“ऐक. तू तुझ्या पायांवर, मी माझ्या. दोघं रोज फेऱ्या मारू, दोघं जिना उतरू. या घरात आता कुणाचं कुणावाचून अडणार नाही.”

“बरं,” काकू म्हणाल्या.

काकांनी सुई उजेडात धरली. थोडा वेळ धरूनच ठेवली.

“फक्त तेवढा दोरा ओवून दे.”