पुढे सरका

बॉबिनची डबी पुन्हा माझ्या हातातून निसटली आणि घरंगळत टेबलाखाली गेली. या वेळी ती उचलायला मी वाकलोच नाही. तिथेच बसून तिच्याकडे बघत राहिलो.

"मिस्त्री, राहू द्या. आधी चहा घ्या," शिवणवर्गाच्या बाई म्हणाल्या.

वर्गातल्या बायकांनी मशिनी थांबवल्या होत्या. कुणीही हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. एकीने गुपचूप डबी उचलून माझ्यासमोर ठेवली, लहान मुलासमोर खेळणं ठेवावं तशी. मला असला संताप आला.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. हयात त्यात गेली. मोटरसायकलवर पेटी बांधायची आणि निघायचं, कुठे शिवणवर्ग, कुठे शिंपी, कुठे वसतिगृह. आजवर हाताने कधी दगा दिला नव्हता. आता मात्र तासभर गाडी चालवली की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जातं. मुंग्या येतात म्हणावं तर त्याही येत नाहीत. नुसतं लाकूड. आणि सुई-शटलचं जुळवणं हे लाकडाने करायचं काम नाही.

त्यात सल्ले देणारे काय कमी आहेत? जावयाने हातमोजे आणून दिले. "बाबा, आत जेल आहे," म्हणाला. ते घातले की हात एवढाले दिसतात आणि खिशातली किल्लीसुद्धा काढता येत नाही. गॅरेजवाल्याला सगळे प्लग म्हणतात, कारण तक्रार काहीही असो, तो आधी प्लग बदलतो. त्याने माझाही प्लग बदलला आणि वर हँडलच्या मुठींना जाड स्पंज गुंडाळला. उशी धरून गाडी चालवल्यासारखं वाटायला लागलं. तो काढून फेकला. मग डॉक्टर. मूठ सैल ठेवा, मधेमधे थांबा, हात झटका. थांबलो. रस्त्याच्या कडेला उभा राहून दोन्ही हात झटकत होतो, तर समोरून आलेल्या बसमधल्या बायकांनी मला टाटा केलं.

त्या डॉक्टरने विचारलं होतं, "आधी असं व्हायचं का?"

"नाही."

"मग अलीकडे काही बदललंय का?"

"काही नाही," मी म्हणालो. "गाडी तीच, रस्ते तेच, हात तेच."

त्याने मला पिळायला एक रबरी चेंडू दिला.

चहा पिऊन होतो न होतो तोच बाहेर स्कूटर थांबली आणि माझी मुलगी आत आली. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं.

"तुला कुणी बोलावलं?"

"मी फोन केला," बाई म्हणाल्या. "वहिनींनी नंबर देऊन ठेवला होता मला. म्हणाल्या होत्या, ह्यांचं काही बिनसलं तर हिला कळवा."

म्हणजे बायकोने जाता जाता माझी व्यवस्था लावून ठेवली होती आणि मला पत्ताच नाही. तशी ती पहिल्यापासूनच. सगळ्या फेऱ्यांना माझ्याबरोबर यायची. मी मशीन जुळवायचो, मग ती एका चिंधीवर टीप मारून बघायची आणि म्हणायची, "चालते," किंवा, "अजून कुरकुरतेय, बघा." ती चालते म्हणाली की काम संपलं. आता टीपही मीच मारतो. वाकडी येते.

मुलीने माझा हात धरला, उलटा केला, करंगळीला चिमटा काढला.

"लागलं?"

"नाही."

"जोरात काढलाय, बाबा." तिने सुस्कारा सोडला. "पुरे झालं आता. गाडी विकून टाका आणि आमच्याकडे राहायला या. खोली कधीची तयार आहे."

"तिथे येऊन काय करू?"

"आराम."

"आराम हा काय धंदा आहे?"

"हातात ब्रेक दाबायची ताकद नाही आणि तोंडात मात्र भरपूर आहे!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. आता हसायला काय झालं होतं?

शेवटी असं ठरलं, म्हणजे तिने ठरवलं, की मी गाडी चालवत घरी जायचं आणि तिने मागून यायचं. वाटेत बोटं बधिर झाली तर किल्ली तिच्याकडे, कायमची. आईवर गेलीय. आईही असंच ठरवायची आणि वर मला विचारायची, चालेल ना? उघडं पडलेलं मशीन मी तसंच झाकलं. उद्या येतो, असं बाईंना सांगितलं खरं, पण माझं मलाच खरं वाटत नव्हतं.

बोटांत परत जीव आल्यावर निघालो. मूठ सैल ठेवली. वेग कमी ठेवला. आरशात मुलगी, तोंड फुगवलेली. रस्ता सरळ होता, ऊन उतरलेलं, गाडी नीट चाललेली. आणि ओढ्यावरचा पूल ओलांडायच्या आतच करंगळी गेली. मी दात आवळून चालवत राहिलो. तिला कळू द्यायचं नव्हतं. शेजारचं बोटही गेलं.

तेवढ्यात मागून हॉर्नवर हॉर्न. ती पुढे आली आणि गाडी आडवी घालून तिने मला थांबवलं.

"झालं ना बधिर?"

"नाही."

"बाबा!"

"थोडंसं."

मी गाडीवरून न उतरताच खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढायला लागलो, मग लक्षात आलं की किल्ली गाडीलाच आहे. ती मात्र किल्लीकडे बघत नव्हती. हेल्मेट हातात घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारून आली.

"मगापासून मागून बघतेय मी. तुम्ही असे काय बसता? टाकीला चिकटवलंय का तुम्हाला? कोपरं बघा, कोंबडीच्या पंखांसारखी बाहेर आलीत. पाठीत पोक काढलंय, सगळा भार हातांवर. आणि मागे ही एवढी सीट रिकामी!"

"मी असाच बसतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून तुमच्या मागे आई बसायची."

मी मागे वळून सीटकडे बघितलं.

मागे पेटी, पुढे टाकी आणि मध्ये आम्ही दोघं. आमची ही काही बारीक बाई नव्हती. रोज निघताना तिचं एकच, "अहो, पुढे सरका ना जरा. मी काय पेटीवर बसू?" मी पुढे सरकायचो. ती बसायची. मग दिवसभर माझी पाठ तिला टेकलेली असायची. तिला भार लागतो का, हे तिने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. हात नुसते हँडलवर असायचे.

"बाबा," मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मागे सरका."

"मी माझ्या जागेवर बसलोय."

"तिथे आता कुणी नाहीये, बाबा."

"माहितेय मला!" मी ओरडलो. "तू नको सांगूस!"

तेवढ्यात एक ट्रॅक्टर आला. त्याचा खडखडाट जाईपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो, जणू कधी ट्रॅक्टर पाहिलाच नव्हता. तो गेल्यावर तिने ओढणीने डोळे पुसले आणि माझ्यावरच चिडली.

"किल्ली नको मला. खोली राहू दे तशीच. कामं करा, हिंडा, काय हवं ते करा. फक्त मागे सरका. एवढं तरी ऐका."

मी सरकलो. आधी थोडा. मग तिने डोळे वटारले म्हणून आणखी, पेटीला पाठ लागेपर्यंत. कोपरं सरळ झाली. हँडल एकदम लांब गेल्यासारखं वाटलं, दुसऱ्याची गाडी चालवायला घेतल्यासारखं.

घरापर्यंत ती मागून आली आणि कोपऱ्यावरून हॉर्न वाजवून तिच्या वाटेने गेली. मी फाटकाच्या आत, भिंतीच्या सावलीत गाडी लावली. करंगळी वाकवून बघितली. वाकली. नखाने टोचून बघितलं, लागलं. बोटं ठणठणीत होती. त्याचाही मला रागच आला.

पेटी सोडली. बायको गाडीवरून उतरली की सीटवरून एकदा हात फिरवायची, धूळ झटकायला. तसा मीही फिरवला. पुढचा भाग गार होता.

मागचा गरम होता.