रिकाम्या पट्ट्याची साक्ष

मित्रांनो, असे म्हणण्याचा प्रघात आहे म्हणून म्हणते. एरवी तुमच्यापैकी कोणी माझा मित्र आहे, असा माझा अनुभव नाही. मी एक जुनी ट्रेडमिल आहे. व्यायामशाळेतली नव्हे. आरशात स्वतःकडे पाहत आणि गाणी ऐकत चालणाऱ्यांशी माझा कधी संबंध आला नाही. मी क्रीडाविज्ञानाच्या प्रयोगशाळेत उभी असते. माझ्यावर धावणाऱ्याच्या तोंडाला मुखवटा आणि छातीला पट्टी बांधलेली असते, दर चार मिनिटांनी त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात, आणि माझ्या पडद्यावरचा आकडा नोंदवहीत उतरतो. नोंदवहीत उतरलेला आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य. माझी सारी तक्रार त्या ब्रह्मवाक्याविषयी आहे.

माझी घडण साधी आहे. लोखंडी सांगाडा, पोटात मोटर, पुढे-मागे एकेक रोलर, त्यांच्यामध्ये गुळगुळीत फळी आणि या सर्वांना वेढणारा चार मीटर लांबीचा काळा रबरी पट्टा. एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचे सारे भांडण तिच्यावर उभे आहे. वेग मोजणारा माझा डोळा मोटरीवर बसवलेला आहे, पट्ट्यावर नाही. मोटर किती फिरली, तेच मी पडद्यावर सांगते. पायाखाली पट्टा प्रत्यक्षात किती सरकला, हे मला जाणवते. पण ते सांगण्याची सोय मला बनवणाऱ्याने ठेवलेली नाही. त्या अर्थाने मी कधी खोटे बोललेले नाही. हे वाक्य मी सात वर्षे मनात घोकले आहे.

मी आले तेव्हा माझे कौतुक झाले. प्रयोगशाळेचे प्रमुख आणि धावपटूंच्या संघाचे प्रशिक्षक एकच. त्यांना सगळे सर म्हणत. पाहुणे आले की सर माझ्या कठड्यावर हात ठेवून म्हणत, "हिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा." लोकांनी शब्दशः तेच केले. माझी देखभाल ज्या तंत्रज्ञाकडे होती, त्याच्या खिशात सदैव एक पाना असे, म्हणून मुले त्याला पाठीमागे 'पाना' म्हणत. हा पाना रोज सकाळी माझा पडदा मऊ फडक्याने लख्ख पुसत असे. पट्ट्याखालची फळी मात्र सात वर्षांत त्याने एकदाही पाहिली नाही. तिच्यावर मेणाचा थर असावा लागतो. तो केव्हाच झिजला. पट्टा सैल पडला. वरून तोंड चकचकीत आणि आतून कोरड, अशी माझी अवस्था झाली.

वर्षातून एकदा माझी परीक्षा होई. पाना पट्ट्यावर खडूची रेघ मारी, मला ताशी सोळा किलोमीटरवर लावी आणि रेघ पन्नास वेळा येऊन जायला किती वेळ लागतो ते मोजी. चार मीटरचे पन्नास फेरे म्हणजे दोनशे मीटर. सोळाच्या वेगाने त्यांना बरोबर पंचेचाळीस सेकंद लागतात. दरवर्षी पंचेचाळीसच लागत. मग माझ्या अंगावर 'तपासले' अशी हिरवी चिठ्ठी चिकटे. परीक्षेच्या वेळी माझ्यावर कोणी उभे नसे, याची शंका एकाही विद्वानाला आली नाही.

यंदा परदेशातून एक मुलगी शिकायला आली. वजन चव्वेचाळीस किलो. पानाने पहिल्याच दिवशी तिचे नाव 'किडमिडी' ठेवले आणि ते चिकटले. ती खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर आली होती. अट स्पष्ट होती: लांब पल्ल्याच्या संघात जागा मिळाली तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश, नाहीतर सामान बांधून घरी. संघात सहा जणी हव्या होत्या. पाच ठरल्या होत्या. उरलेल्या एका जागेसाठी ही आणि दुसरी एक, अडुसष्ट किलोची, जिला सगळे 'उंचाडी' म्हणत. सोळाच्या वेगावर जी जास्त वेळ टिकेल, तिची जागा.

किडमिडी एकोणीस मिनिटांनी थांबली. उंचाडी बावीस मिनिटे टिकली.

"मैदानावर मी हिच्या पुढे असते, सर," किडमिडी धापा टाकत म्हणाली. "दर वेळी."

"मैदानावर वारा असतो, वळणं असतात," सर म्हणाले. "इथे फक्त वेग असतो."

"मग हिचा वेग चुकतोय."

तिने माझ्याकडे बोट दाखवले. उंचाडी टॉवेलने मान पुसत म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं! दम संपला तुझा, बाई. मशीनला कशाला शिव्या?"

पानाला तो 'चुकतोय' शब्द स्वतःच्या अंगावर आल्यासारखा झोंबला. त्याने तिथल्या तिथे खडू काढला, रेघ मारली, मला सोळावर लावले आणि सर्वांदेखत मोठ्याने पन्नास मोजले. पंचेचाळीस सेकंद.

"झालं समाधान? आता हिची माफी माग."

"कोणाची?"

"मशीनची. सात वर्षं इमानानं चालतेय बिचारी."

सगळे हसले. सरांनीही हसू लपवले नाही. मुलगी लाल झाली, आणि माझ्याकडे पाहून, दात चावत, "सॉरी" म्हणाली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझा अनेकांनी अपमान केला; घाम गाळला, थुंकी उडवली, एकाने तर ओकून ठेवले. परंतु त्या माफीइतके मला काहीच लागले नाही. मला ठाऊक होते की ती मुलगी बरोबर आहे. अडुसष्ट किलोचे पाऊल पडले की कोरड्या फळीवर पट्टा अडतो, रोलरवरून घसरतो आणि क्षणभर मागे पडतो. चव्वेचाळीस किलोला तो जवळजवळ पुरता पळवतो. म्हणजे सोळाची शिक्षा हलक्या मुलीला आणि सवलत जड मुलीला. मोटर मात्र दोघींना सोळाच सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत कोणी नसताना तिने फोन माझ्या कठड्यावर टेकवला आणि वडिलांशी बोलली. ते कुठल्याशा वजनकाट्यावर नोकरीला होते; मागून ट्रकचे आवाज येत होते.

"बाबा, संघाची नावं परवा जाणार. मी येते परत."

"ये की. तुझी खाट आहे तशीच आहे. पण भांडून ये, रडून नको येऊस. मशीन तपासलं म्हणतेस ना?"

"तपासलं. बरोबर निघालं."

"वर कोण होतं?"

"कोणी नाही. रिकामंच."

पलीकडे बाबा हसले, चांगले खदखदून. "अगं, रिकामा काटा सगळ्यांचाच शून्यावर असतो! आमच्याकडे तपासनीस येतो तो वजनं घेऊन येतो, हात हलवत नाही येत. एवढं शिकायला परदेशात गेलीस होय गं?"

तिने कठड्यावरचा फोन उचलला. मग म्हणाली, "बाबा, ठेवते," आणि निरोपही न घेता फोन बंद केला.

त्याच संध्याकाळी उंचाडी सरावाला आली. किडमिडीने खडूची रेघ मारली.

"आता काय नवीन नाटक?"

"तू धाव. मी मोजते. तुला भीती कसली?"

"तुझी? फू:!" म्हणत उंचाडी चढली. पन्नास फेऱ्यांना अठ्ठेचाळीस सेकंद लागले. पुन्हा मोजले, अठ्ठेचाळीस. दोनशे मीटरला अठ्ठेचाळीस सेकंद, म्हणजे ताशी पंधरा. पडद्यावर मी निर्लज्जपणे सोळा दाखवत होते.

किडमिडी सरांना बोलावून घेऊन आली. सरांनी आधी तिचे घड्याळ चूक ठरवले, मग तिची मोजणी, मग तिचा हेतू. "सात वर्षांचं काम आहे इथं. तुला एक जागा मिळत नाही म्हणून—"

"माझ्यावर विश्वास नका ठेवू, सर. तुम्हीच मोजा."

सरांनी मोजले. तीनदा मोजले. मग किडमिडीला चढवून मोजले: पंचेचाळीस पूर्णांक सहा. आकडा पटल्यावर त्यांनी त्याच्याशी वाद घातला नाही, एवढे श्रेय मी त्यांना देते. त्याहून जास्त देत नाही. कारण त्यानंतर त्यांच्या तोंडून निघालेले वाक्य होते, "मशीन खराब आहे." पाना तत्परतेने म्हणाला, "मला वाटतच होतं, सर." आणि हिरव्या चिठ्ठीवर 'नादुरुस्त' अशी लाल चिठ्ठी बसली. रिकामीला प्रश्न विचारणारे निर्दोष, आणि रिकामेपणी खरे उत्तर देणारी दोषी! त्या सात वर्षांत माझ्या आकड्यांवर छापलेल्या शोधनिबंधांचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. ते मला विचारून छापले नव्हते.

फेरचाचणी मैदानावर झाली. मी अर्थातच तिथे नव्हते. किडमिडी दीडशे मीटरच्या फरकाने जिंकली आणि संघात गेली, हे मला आत येणाऱ्यांच्या बोलण्यातून कळले. मला वाटले, माझी बाजू सिद्ध झाली आणि भांडण मिटले.

ते मिटले नव्हते. पट्टा बदलायला कारागीर यायला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उंचाडी आली, आणि आल्या आल्या तिने माझ्या सांगाड्याला लाथ घातली.

"लबाड!"

किडमिडी कोपऱ्यात नोंदी उतरवत होती. ती उठून उभी राहिली.

"तू कशाला गप्प? हस की," उंचाडी म्हणाली. "दोन वर्षं मी सोळावर धावते म्हणून सांगत फिरले. घरी सांगितलं. आईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं. आणि मी पंधरावर धावत होते! कोणी वेळीच सांगितलं असतं तर दोन वर्षांत मी खरी सोळावर आले नसते का?"

मित्रांनो, सात वर्षे घोकलेले माझे वाक्य त्या वेळी माझ्या उपयोगी पडले नाही. जिच्यावर अन्याय झाला ती मला कळत होती. जिला सवलत मिळाली, तिचेही काही बुडाले असेल, हा विचार माझ्या लोखंडी डोक्यात कधी शिरला नव्हता.

"लाव," उंचाडी म्हणाली. "मला खरं सोळा लाव."

"आत्ता? काल एवढं धावलीस."

"तुझी दया नकोय मला. लाव."

किडमिडीने कागदावर गणित केले आणि माझा पडदा सतरा पूर्णांक एकवर नेला. खडूची रेघ पंचेचाळीस सेकंदांत पन्नास वेळा आली. उंचाडी सात मिनिटे टिकली. कठड्याला लोंबकळत उतरली, खाली बसली, आणि तोंड पुसून म्हणाली, "लिही. सात." किडमिडीने ते लिहिले. त्यानंतर ती रोज येते. काल साडेआठ झाली. त्या दोघींत अजून गोड बोलणे नाही, पण मोजायला किडमिडी हजर असते.

आता तुम्हाला सांगायचे ते सांगते. विनंती वाटली तर विनंती समजा, दटावणी वाटली तर अधिक बरे. ज्या यंत्राच्या तोंडाकडे पाहून तुम्ही माणसाची लायकी ठरवता, त्याचे नुसते तोंड पुसू नका. पट्टा उचला, फळीवर हात फिरवा. परीक्षा घ्याल ती ओझे अंगावर असताना घ्या. कारागीर परवा येणार असे कालही म्हणत होते. उंचाडी मात्र उद्या सकाळी सातला येईल, आणि तिच्या पावलाखाली मला पुन्हा घसरायचे नाही. तोवर कोणीतरी मेण आणा.