खामफाय काकांना चिखलात कसं टाकलं

सूड ही विश्वातली सर्वांत थोर शक्ती आहे. सूर्य थंड पडतील, तारे विझतील, पण खरा सूड विझत नाही. बान नोंग पेत गावात ही थोर शक्ती वर्षभर बारा वर्षांच्या बुआखाईच्या अंगात वस्तीला होती, आणि बुआखाईच्या कानातला चिखल अजून पुरता निघालेला नव्हता.

आकाशातल्या फाया थेन देवाला पावसाची आठवण करून द्यायला गावकरी जत्रेत बांबूच्या शेपटीचे अग्निबाण सोडतात. ज्याचा बाण उडत नाही, त्याला चिखलात फेकतात. गेल्या जत्रेत बुआखाईचा बाण मचाणावरच फुसफुसून बसला आणि त्यातून आंबवलेल्या मासळीचा वास आला. तसा जबरदस्त वास गावात एकाच माठाला होता: दरवर्षी जिंकणाऱ्या खामफाय काकांच्या. तिचे पाय धरून तिला चिखलात भिरकावणारेही तेच.

यंदा जत्रेच्या आठवड्यात ती बदकांची अंडी शोधत शेतात गेली, तर बांधाआड टोपलीएवढा, तीन डोळ्यांचा एक हिरवा प्राणी फुटक्या यानाशेजारी धुमसत बसलेला. इथली बोली तो कुठे शिकला कोण जाणे; शिव्या मात्र अस्सल येत होत्या.

"बांबूच्या शेपटीची नळी," तो म्हणाला. "सरळ काचेत. मी या गावाची राख करणार."

सकाळीच खामफाय काकांनी बाणाची चाचणी घेतली होती. बुआखाई त्याच्या शेजारी ऐसपैस बसली.

"सगळं गाव नको, त्यात माझी आजी आहे. एकच माणूस घे."

"बरं. त्याची राख करतो."

"राखेला लाज वाटते का रे, बेडक्या? त्याला चिखलात घालायचं. सगळ्यांसमोर."

बेडक्याचे तिन्ही डोळे हळूहळू चमकले. त्याच्या ग्रहावर सूड घेत असत, पण त्यात कल्पकता नव्हती.

त्याच्याजवळ एक काडीएवढं यंत्र होतं. ते ज्यावर रोखाल ते पुढे सरकत नसे, फार तर खाली दबत असे. खात्री करायला त्यांनी ते सरपंचांच्या मोटारसायकलवर रोखलं. सरपंच दुपारपर्यंत लाथा मारत राहिले आणि शेवटी पेट्रोलवाल्याला चोर म्हणाले. यंत्र उत्तम होतं.

जत्रेत ढोल वाजले. खामफाय काका नाचतच मचाणाशी आले.

"काय गं बुआखाई," ते म्हणाले, "यंदा बाण नाही आणलास? अंघोळीचे कपडे तरी आणलेस ना?"

लोक हसले. बुआखाईही हसली. गवतात बेडक्यानं काडी रोखली.

वात पेटली. बाण गर्जला, धूर ओकला, थरथरला आणि तिथेच राहिला. उलट मचाणच हळूहळू जमिनीत रुतू लागलं. बारूद संपली, तेव्हा काकांचा अजिंक्य बाण कोंबडीच्या उंचीवर उभा होता.

लोकांनी काकांना उचललं. "पाय माझे," बुआखाई म्हणाली आणि तिनं ते घट्ट धरले.

धप्प.

मग काठावर उभं राहून तिनं वर्षभर बदकांसमोर घोकलेलं भाषण सुरू केलं. "काका, माझ्या बारुदीत मासळीचं पाणी तुम्ही ओतलंत. आज तुमचा बाण मी अडवला. हा माझा सूड. जन्मभर लक्षात ठेवा."

काकांनी डोळ्यांवरचा चिखल पुसला.

"ओतलं," ते म्हणाले. "तू मला हरवणार होतीस."

ढोल थांबले. सगळं गाव ऐकत होतं.

"झाला का सूड?" गवतातून बेडक्यानं कुजबुजत विचारलं.

"थांब, माफी राहिलीय."

काकांनी घसा खाकरला. बुआखाईनं मान ताठ केली.

"पोरी," काका म्हणाले, "जरा डावा पाय उचल. खाली माझी चप्पल आहे."