हो, मी विषारीच आहे

बोलतेय ती छत्री. कुत्र्याची, असं तुम्ही म्हणता. एकही कुत्रा आजवर माझ्या आडोशाला बसलेला नाही. पण नावं ठेवायला तुम्हाला कारण कुठे लागतं?

मी एक अळंबी. वर दिसतं ते नुसतं फळ. खरी मी जमिनीखाली असते, केसाहून बारीक पांढऱ्या तंतूंचं जाळं होऊन. एका घरामागच्या हिरवळीखाली नऊ वर्षं राहतेय. कापलेलं गवत, गळलेली पानं, मेलेली मुळं, जे जे तुमच्या लेखी संपलं ते मी कुजवलं, त्याची माती केली. त्या मातीवर हिरवळ फोफावली आणि पाहुण्यांनी कौतुक केलं ते पाणी घालणाऱ्याचं.

त्या घरातली मुलगी कॉलेजात कवकशास्त्र शिकते, म्हणजे आम्हा बुरश्या-अळंब्यांचा अभ्यास. एकदा ती गवतावर पालथी पडली आणि माझ्या टोपीखाली छोटा आरसा धरून बघत राहिली. मला अवघडल्यासारखं झालं. तोवर मला बूट लागले होते, खराटा लागला होता. ‘तू कोण?’ असं कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या रविवारी सकाळी तिच्या काकाने मला उपटलं. माझ्यासकट सहाजणी. काका म्हणजे चाळीस वर्षं हॉटेलच्या भटारखान्यात काढलेला माणूस. मुलीची आई ऑपरेशन होऊन आदल्याच दिवशी घरी आली होती. पोटाला टाके. तिला ताकदीचं काहीतरी खायला घालायचं, असं त्याने मनावर घेतलं होतं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला सगळं माहीत होतं.

“काका, ठेव ते खाली,” मुलगी म्हणाली.

“का? पांढऱ्याशुभ्र आहेत. आणि हे बघ, गोगलगाईने कुरतडलंय. जनावर कधी विष खात नाही.”

“गोगलगाईचं पोट वेगळं, आईचं वेगळं. आईला एक उलटी झाली तर टाके उसवतील.”

“तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी अळंब्या रांधतोय.”

“खोक्यातून आलेल्या! हिरवळीवरच्या किती रांधल्यास?”

काका हरला नाही. “बाराला गॅस पेटवणार,” म्हणाला. “तोवर काय ते तुझं कॉलेज कर.”

आठ वाजले होते. तिने माझा देठ कापला. मी ओरडले नाही, तशी मला सवय नाही. मग अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घेऊन तिने माझी टोपी त्यावर पालथी ठेवली आणि वर वाडगं झाकलं. आमच्या टोपीखालच्या उभ्या पापुद्र्यांतून बीजाणू झडतात, धुळीहून बारीक. त्यांचा रंग कागदावर उमटतो. पांढरे पडले तर काळ्या बाजूवर दिसतात, गडद पडले तर पांढऱ्या.

“पांढरे पडले म्हणजे खायचं ना?” आतून आईने विचारलं.

“नाही. पांढरे पडले तर आणखी तपासायचं. हिरवे पडले तर तिथेच विषय संपला.”

दहा वाजता काकाने हळूच वाडगं उचललं. कागद कोरा. “झाली का परीक्षा? भोपळा!” तो कांदा चिरायला बसला.

खरं सांगू? तुमच्या पोटात काय जातं याच्याशी माझं देणंघेणं नाही. पण मला विचारलं गेलं होतं, आणि उत्तर माझ्याजवळ होतं. वाडग्याखालच्या अंधारात मी जीव तोडून झडले.

बारा. उरलेल्या पाचजणींच्या चकत्या ताटलीत तयार. कढईत तेल तापलेलं. मुलीने वाडगं काढलं, टोपी अलगद उचलली.

पांढऱ्या कागदावर हिरवट वर्तुळ उमटलं होतं, एकेका पापुद्र्याची रेघ मोजता यावी इतकं स्वच्छ.

काकाने त्यावर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि नळाखाली हात धरला. बराच वेळ धरला. मग गॅस बंद करून चकत्या कचऱ्यात ओतल्या.

“मला वासावरून वाटलंच होतं.”

“वाटलं होतं तर कढई कशाला तापवलीस?”

“अरे, हसवू नका रे मला,” आई पोट धरून म्हणाली, “टाके ओढतात!”

त्या अपमानाचा राग काकाने माझ्यावर काढला. फावडं घेऊन हिरवळीकडे निघाला. “एकेक उपटतो. विषारी कुठल्या!”

मुलगी आडवी उभी राहिली. “त्या आपल्या जागी होत्या. त्यांना घरात तू आणलंस.”

“मला उलट बोलतेस?”

“हो.”

काका फावड्यावर रेलला. मग गवतात उगवलेल्या एका तपकिरी, इवल्या अळंबीकडे हनुवटीने खूण करून म्हणाला, “ही कुठली?”

“माहीत नाही. शोधावं लागेल.”

“मग शोध की. माझ्या तोंडाकडे काय बघतेस?”

मी आता कागदाच्या पाकिटात सुकतेय. पाकिटावर तारीख आहे, जागा आहे आणि माझं खरं, लांबलचक नाव आहे. अशा आत्मवृत्ताच्या शेवटी हात जोडून विनंती करायची पद्धत असते म्हणे. मला हात नाहीत आणि विनंतीही नाही. विषारी आहे, त्याची लाज नाही. तुमच्या ताटात यायला मी उगवलेच नव्हते. उपटा, तुडवा, हवी ती नावं ठेवा. तुम्ही उपटता ते फळ. मी खाली आहे, आणि तिथे तुमचं काही चालत नाही.