यादीतलं शेवटचं नाव

नोलुवोने दारावरच्या यादीवर बोट ठेवलं आणि ते खाली खाली नेत शेवटच्या नावापर्यंत आणलं. पंधरावं नाव तिचंच होतं. तिच्या जिवात जीव आला. ती बाकाच्या कडेला, दाराला अगदी लागून बसली. परीक्षेच्या दिवशी ती जागा तिचीच असायची. दाराची खालची फळी फुटल्यावर कुणीतरी तिथे पातळ प्लायवुड ठोकलं होतं आणि आतला स्वर न् स्वर त्यातून बाहेर यायचा.

न पाहिलेलं गाणं कागदावरून वाचून गायचं, अशी ती परीक्षा. आत गेलं की हातात एक पत्रक मिळे. पाच रेघा आणि त्यांच्यावर चढत-उतरत गेलेले काळे ठिपके. एक मिनिट बघायचं, मबिजा सर पियानोवर पहिला स्वर देणार, की सुरू. पत्रक सगळ्यांना एकच. कुणी कुणाला सांगू नये म्हणून गाऊन झालेल्याला मागच्या दाराने सोडत. पुढच्या दाराचा विचार कुणी केला नव्हता.

नोलुवोला ते ठिपके वाचता येत नव्हते. गाण्याच्या शाळेत दहावीपर्यंत आलेल्या, वर्गात सगळ्यांत सुरेल गळा असलेल्या मुलीला वाचता येत नव्हते. तिच्या गावी, सेंटानीच्या चर्चमध्ये, तिचे ताता, म्हणजे वडील, वृंदगान शिकवायचे आणि तिथे सगळं गाणं अक्षरांत असे. आपल्याकडे सरगम लिहितात ना, तसंच. फळ्यावर खडूने ड, र, म, फ लिहायचं, बोटाने दाखवायचं, आणि ऐंशी माणसं एकाच वेळी चार वेगळ्या सुरावटींत गायला लागायची. त्या मुलुखात गावंच्या गावं अशी गातात आणि त्यांचं कुठे काही अडत नाही. नोलुवोचं मात्र या शाळेत आल्यावर अडलं. पहिल्या आठवड्यात विचारायला लाज वाटली. दुसऱ्या आठवड्यात तर सगळे धरूनच चालले होते की तिला येतं.

पण कान असा, की दोनदा ऐकलेलं तिसऱ्यांदा चुकायचं नाही. पंधराव्या नंबरापर्यंत तर चौदा वेळा ऐकून व्हायचं. पहिल्या वर्षी ती शाळेत उशिरा दाखल झाली म्हणून तिचं नाव यादीच्या तळाशी पेनाने लिहिलं होतं. पुढे ते तिथेच टाइप होऊन येऊ लागलं. ऑफिसातला कुणीतरी जुनीच यादी पुढे ढकलत असेल, असं तिने धरलं होतं. त्या आळशी माणसासाठी ती दर परीक्षेआधी मनातल्या मनात प्रार्थना करायची.

"अमाग्विन्या खाणार?" सिनाझोने तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा तेलकट कागद पुढे केला. यादीत ती चौदावी. "तुझं काय बाई, तू शेवटची. तोवर जेवण करून, झोप काढून येशील."

"नको. घशाला तेल लागतं."

तेवढ्यात दार उघडलं. आतून एक उंच बाई बाहेर आल्या. नेहमीचे म्हातारे परीक्षक यंदा नव्हते, त्यांच्या जागी या फर्माक मॅडम आल्या होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवून यादी वाचली, मग बाकावरच्या पोरांकडे पाहिलं.

"खालच्यांच्या वाट्याला नेहमी दमलेला परीक्षक येतो," त्या म्हणाल्या. "आज खालून सुरू करू. बिकिट्शा कोण?"

नोलुवो बाकावरून अर्धवट उठली.

"मॅडम, मला दोन मिनिटं… बाथरूमला जायचंय."

"जा. मी थांबते."

तिने सिनाझोचं मनगट धरून तिला जिन्यापाशी ओढत नेलं.

"तू आधी जा. सिनाझो, पाया पडते तुझ्या. एकदाच."

"वेडी आहेस का? त्यांनी तुझं नाव घेतलं. आणि तुला कसली भीती? दरवेळी तूच तर वर असतेस."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

नोलुवो या परीक्षेत नापास झाली की गायन सुटणार, गायन सुटलं की वसतिगृह, आणि मग सामान बांधून सेंटानी. चर्चच्या बायकांनी तिचा ब्लेझर शिवला होता. त्याची बाही तिने इतकी पिळली की शिवण उसवली.

तिला ताता आठवले. गेल्या सुट्टीत त्यांनी कुठून तरी एक ठिपक्यांचं पुस्तक मिळवून टेबलावर ठेवलं होतं. 'मलाही शिकव की,' ते म्हणाले होते, 'साठीला आलो, पण हे राहूनच गेलं.' तिने तोंडाला येईल ते सांगितलं. हा ठिपका म्हणजे हे, तो म्हणजे ते. त्यांनी ते सगळं एका वहीत नीट उतरवून घेतलं, खाली तारीख घातली. रोज सकाळी ते ती वही काढून बसतात, असं धाकटी फोनवर सांगत होती. ते आठवलं की नोलुवोला स्वतःची किळस यायची.

"बिकिट्शा," दारातून हाक आली.

आत खिडकीखाली पियानोशी मबिजा सर बसले होते. ते नेहमी तिच्याकडे बघून जरासे हसायचे. आज ते पियानोच्या पट्ट्यांकडेच बघत होते.

पत्रक हातात आलं. मिनिट सुरू झालं. तिने ठिपक्यांकडे पाहिलं. वर जातात, खाली येतात, एवढं तर आंधळ्यालाही कळेल. किती वर, किती खाली, तेच कळत नव्हतं. बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं आणि ते आत अगदी स्पष्ट ऐकू आलं.

सरांनी स्वर दिला, आणि थांबून पुन्हा एकदा दिला.

ती गायला लागली. पहिले तीन स्वर नशिबाने लागले. चौथ्याला सरांचा खांदा हलला. पाचव्याला मॅडमनी पेन खाली ठेवलं. नोलुवोने आवाज आणखी मोकळा केला, भोळ्या माणसाला वाटावं की हे मुद्दामच असं आहे. मग तिचं तिलाच ऐकवेना आणि ती थांबली.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

तिने पुन्हा म्हटलं. यावेळी दुसराच स्वर चुकला.

"घाबरलीस का? पाणी हवंय?"

"मला वाचता येत नाही," नोलुवो म्हणाली.

एकदा बोलून गेल्यावर पुढचं आपसूक आलं.

"मला अक्षरांत येतं मॅडम, ड, र, म. असं नाही येत. कधीच आलं नाही."

मॅडमनी समोरची फाईल उघडली, एक पान उलटलं, मग दुसरं.

"आठवीत अठरा. नववीत एकोणीस. वीसपैकी. हे कसे?"

"मी शेवटची असायचे. दारातून ऐकू येतं."

मॅडमनी दाराकडे पाहिलं, मग यादीकडे. त्यांचं बोट वरून खाली आलं.

"ही यादी तर आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने आहे. आंगा, डायांटी, गोबा… बिकिट्शा दुसरी हवी. तू शेवटी कशी?"

"मी उशिरा दाखल झाले होते. ऑफिसात कुणीतरी…"

"ऑफिसात नाही," मबिजा सर म्हणाले.

त्यांनी पियानोचं झाकण हळूच मिटलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले.

"यादी मी करतो, मॅडम."

नोलुवो त्यांच्याकडे बघत राहिली. ते अजूनही तिच्याकडे बघत नव्हते.

"पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला. मीही अक्षरांवरच वाढलोय. या खोलीत मलाही कुणी विचारलं नव्हतं, येतं का म्हणून. त्या वर्षी वाटलं, असा गळा हातचा जायला नको, एवढी परीक्षा निघू दे, मग बसून शिकवीन. मग वर्ष गेलं. मग ती माझ्या समोर एकोणीस गुण घेऊन हसत उभी राहिली, आणि माझ्याने बोलवेना."

"दोन वर्षं?" मॅडम म्हणाल्या.

"हो."

मॅडमनी पेन उचललं, टोपण काढलं आणि त्या ते तसंच धरून बसल्या. नोलुवोच्या हातातलं पत्रक ओलं झालं होतं. दोन वर्षं ज्याच्यासाठी प्रार्थना केली तो माणूस समोर बसला होता आणि त्याच्यावर रागवावं की त्याच्या पाया पडावं, तिला कळत नव्हतं. सेंटानीत एव्हाना ताता वही काढून बसले असतील, एवढंच तिच्या मनात आलं.

बाहेर बाकावर चौदा जणं होती. एरवी त्यांची कुजबूज चालूच असते. आता तिथे कुणी खोकतही नव्हतं. त्या दारातून किती नीट ऐकू येतं, ते नोलुवोला चांगलं माहीत होतं.