मास्तरांनी मापात बांधलेली सावली

दुकान बंद केल्यापासून टेलरमास्तरांना घरातली माणसं दिसेनाशी झाली होती. माणसं घरातच होती, पण जो तो आपल्या बिळात. बायको टीव्हीपुढे, मुलगा लॅपटॉपपुढे, सून फोनवर, नात दार लावून आणि मास्तरांच्या सासूबाई पलंगावर. मास्तर दिवसभर बोलायचे ते भिंतीशी, आणि भिंतही कंटाळली होती.

म्हणून त्यांनी ठरवलं, मागच्या अंगणात सावलीला शेड बांधायची आणि रविवारी दुपारी सगळ्यांना एका जागी बसवायचं. बसवायचं म्हणजे बसवायचंच.

आता बांधायची कशी? चाळीस वर्षांत माणसाला एकच पद्धत ठाऊक. मास्तर गळ्यात टेप अडकवून घरभर फिरले आणि एकेकाच्या बसण्याचं माप घेत सुटले. मुलगा वैतागला. नात खिदळली. बायको म्हणाली, "लग्नाच्या वेळचं माप लिहा, तेवढंच माझं समाधान." सासूबाईंचं माप मात्र त्यांनी लांबूनच, नजरेने घेतलं. जिवाची काळजी त्यांनाही होती.

बेरजेचा कागद सुताराच्या हातात पडला. चार खांब, वर पत्रा, खाली समोरासमोर दोन बाक.

"मास्तर, दोन फूट जास्त धरू या," सुतार म्हणाला.

"ढगळ शिवणारा शिंपी मी नव्हे! फिटिंग म्हणजे फिटिंग."

सुताराने कपाळाला हात लावला आणि कागदाबरहुकूम काम उरकलं.

रविवारी मास्तरांनी दारं बडवून सगळ्यांना बाहेर काढलं. कुरकुरत का होईना, मंडळी येऊन बसली. बसली ती अशी गच्च, की मधे बोट शिरेना. मास्तर पाण्याचा जग घेऊन आले, छाती फुगवून त्यांनी आपली कारागिरी पाहिली आणि बसायला वाकले.

जागाच नव्हती.

टेप ज्याच्या हातात, तो मापात येत नाही, ही दुकानातली जुनी सवय. मास्तर स्वतःला मोजायचंच विसरले होते.

"आजोबा, आम्ही सरकतो ना," नात म्हणाली. पण कोणाला तसूभरही सरकता येईना. मुलगा उठू लागला.

"बस खाली! फिटिंग बिघडवू नकोस," मास्तर खेकसले आणि भर उन्हात रंगाच्या पालथ्या डब्यावर जाऊन बसले. तोंडावर आव असा, की डबा मुद्दाम तिथे ठेवला होता. मनात मात्र एकच सलत होतं. एवढा खटाटोप करून आपण बाहेरचे बाहेरच.

मग नात उठली आणि तिने मास्तरांच्या शेजारी जमिनीवर बसकण मारली. सुनेने स्वयंपाकघरातून स्टुलं आणली. बायको डोक्यावर टॉवेल घेऊन "तुम्हाला अक्कल कधी यायची?" असं विचारत आली. मुलगाही बाहेर आला आणि सासूबाई एकट्याच सावलीत उरल्या.

"मी काय इथे पहारा देऊ?" त्या कडाडल्या. मुलाने त्यांच्यासाठी घरातून खुर्ची आणली आणि त्यांना धरून उन्हात आणलं.

नवीकोरी शेड रिकामी, आणि तिच्यापासून चार हातांवर पाच जण घाम पुसत मास्तरांच्या नावाने खडे फोडत होते. एकाला थांबवावं तर दुसरा सुरू. सुनेने तर फोनही घरातच ठेवला होता.

"आता तरी सुताराला बोलवा," मुलगा म्हणाला.

"बोलावतो रे," मास्तर म्हणाले. "घाई काय आहे? बसा थोडं."