गुरुवारचा रकाना

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. वाटतो तर वाटतो, आडपडदा कशाला ठेवू? तिचं सगळं जिथल्या तिथं आणि माझं सगळं ऐनवेळी.

मी घरीच शिवणकाम करते. पुढच्या खोलीत मशीन, खुर्चीवर कापडांचे गठ्ठे, जमिनीवर टाचण्या. संध्याकाळी सात वाजता आमचे हे दारातूनच विचारतात, आज जेवायला काय, आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते, कारण ते मलाच माहीत नसतं. मग फ्रिज उघडून नुसतं उभं राहायचं. पालक असतो, पण कधीचा काळा पडलेला. मग काय, अंडी. आठवड्यातून चारदा अंडी.

जाऊ औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते, तरी तिच्याकडे म्हणे रोज वेगळं, गरम आणि वेळेवर. हे ‘म्हणे’ माझ्या नवऱ्याचं. भावाकडे जेवून आला की दोन दिवस तेच पुराण चालतं, आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड.

तो हेवा मी गिळलाही असता, पण मध्ये बाबा होते. बाबा म्हणजे आमचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली, नजर अधू झाली तेव्हा दुकान बंद केलं. सासूबाई गेल्यापासून ते एक आठवडा आमच्याकडे, एक आठवडा धाकट्याकडे असायचे. दर रविवारी संध्याकाळी पिशवी भरायची आणि निघायचं. या ये-जा करण्यात रक्तदाबाच्या गोळ्या दोनदा दुसऱ्याच घरी राहिल्या. डॉक्टरांनी दोन्ही भावांना समोर बसवून सुनावलं, की आता एक घर ठरवा. कोणतं, ते बाबांनी महिनाअखेरीस सांगायचं ठरलं.

मला ते आमच्याकडे हवे होते. लोक काय म्हणतील हेही मनात होतं, नाही कसं म्हणू? पण लग्न होऊन आले तेव्हा मला साधी तुरपाई येत नव्हती. या माणसाने जुनं मशीन उघडून एकेक भाग माझ्या हातात दिला आणि मला ते चालवायला शिकवलं. अजूनही मी शिवत असले की ते खिडकीशी बसतात. मशीनचा आवाज जरा बदलला की मान वर न करता म्हणतात, तेल घाल. हा माणूस कायमचा तिच्या घरी बसणार हा विचारच मला सहन होत नव्हता.

महिन्याचा शेवटचा आठवडा आमचा होता. रविवारी मी बाबांना आणायला गेले, तर जावेच्या फ्रिजवर एक कागद. पट्टीने आखलेले सात रकाने, सात वार, प्रत्येक वारासमोर काय करायचं आणि आदल्या दिवशी काय भिजवायचं, काय चिरून ठेवायचं. कडेला बाजाराची यादी. ती म्हणाली, शनिवारी अर्धा तास बसते ताई, मग आठवडाभर डोक्याला ताप नाही. किती सहज म्हणाली! ती बाबांची पिशवी भरायला आत गेली आणि मी पटकन त्या कागदाचा फोटो काढला. चोरीच ती. पण गुरुवारचा रकाना रिकामा होता, ते बघून मला गार वाटलं. म्हटलं, चला, हिचंही डोकं कुठंतरी अडतं.

सोमवारपासून मी तो कागद तंतोतंत पाळला. सोमवारी भोपळ्याचं सूप आणि पाव, मंगळवारी मसूर आणि भात, बुधवारी पालक आणि बटाटे. सांगायला जिवावर येतं, पण जमलं की हो! सकाळी एकदा बघायचं, दुपारी मशीनवरून उठून दहा मिनिटं चिराचिरी करायची, संपलं. सात वाजता मी चक्क पाय पसरून बसले होते. पालक काळा पडायला उरलाच नाही. आमचे हे दोनदा वाढून घेऊन म्हणाले, आज काय विशेष? बाबा मात्र ताटात बघून नुसते हसायचे आणि गुमान जेवायचे.

गुरुवारी मी ठरवलं, आता नाकावर टिच्चून दाखवते. मासे आणले. पाचच्या सुमारास बाबा बाह्या वर करून स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, आज गुरुवार ना? मी म्हटलं, हो, तुम्ही निवांत बसा, मी मासे करतेय. त्यांनी ओट्यावरचे मासे पाहिले. मग बाह्या खाली करून खिडकीशी जाऊन बसले.

शनिवारी दुपारी मी काज करत होते, तेव्हा त्यांनी विषय काढला.

“भोपळ्याचं सूप चांगलं झालं होतं,” ते म्हणाले. “त्याच्या आधीच्या सोमवारीही चांगलं होतं.”

माझा पाय मशीनवरच थांबला. रविवारी संध्याकाळी मी ज्या कागदाचा फोटो काढला, तो संपलेल्या आठवड्याचा होता, नवा तिने अजून लावलाच नव्हता. तो सगळा कागद बाबा तिकडे जेवून आले होते, आणि मी त्यांना तोच पुन्हा पहिल्यापासून जेवू घालत होते. तोंड कुठे लपवू असं झालं मला.

“मग बोलला का नाहीत?”

“तू इतकं मन लावून करत होतीस. फक्त गुरुवार वेगळा होता. तिकडे गुरुवारी मी करतो.”

ऐकताना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तो रकाना तिने बाबांसाठी मोकळा ठेवला होता. काय करायचं ते ते ठरवतात, बुधवारी तिला सामान सांगतात, गुरुवारी सगळ्यांना वाढतात. आणि मी इथे त्यांना पाण्याचा पेला उचलू देत नव्हते, वर त्यालाच सेवा म्हणत होते.

“मी तिकडे राहीन म्हणतोय,” बाबा म्हणाले. आवाज अगदी हळू होता. “तुझं काही चुकलं नाही. दुकान बंद केल्यापासून मला वार कळेनासे झाले होते गं. तिकडे कळतात.”

मी रडले. काजाच्या कापडावरच रडले. त्यांना म्हटलं, मला तिचा हेवा वाटतो. ते म्हणाले, ठाऊक आहे. ही काय समजूत घालायची रीत झाली! मी नाक पुसलं, कपडे बेतायचा खाकी कागद ओढला, खडूने सात रकाने मारले आणि गुरुवारसमोर ‘बाबा’ असं लिहिलं.

“राहा तिकडे,” मी म्हटलं. “पण गुरुवार मला हवा. दर गुरुवारी इकडे यायचं आणि इथे करायचं.”

“आणि तिला काय सांगू?”

“सांगा, थोरलीने मागून घेतला.”

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून ते अक्षर वाचलं. मग म्हणाले, मासे आणू नकोस, काय करायचं ते मी बुधवारी सांगेन.

रविवारी मी स्वतः त्यांची पिशवी घेऊन गेले, गोळ्या तीनदा मोजून. फ्रिजवर नवा कागद होता, गुरुवार रिकामा. बाबांनी जावेला आमचं ठरलेलं सांगितलं. ती हसली, म्हणाली, बरंच झालं की, ताईंनाही तेवढीच मदत. पण तिचा चेहरा मला नवा नाही. हा चेहरा मी रोज माझ्या आरशात बघते. तिने पेन्सिल घेतली, फ्रिजसमोर जरा वेळ नुसती उभी राहिली आणि गुरुवारच्या रकान्यात ‘अंडी’ असं लिहिलं.

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?